उभ्याने दिलेला न्याय

चाचांच्या कोर्टात न्यायाधीश उभा असे आणि आरोपी बसलेला. हे असं उलटं कसं झालं ते सांगू लागलो की दोष माझ्याकडे येतो, म्हणून इतकी वर्षं मी ते कुणाला नीट सांगितलं नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या मुलाचं पत्र आलं. अब्बा गेले, एवढंच त्यात होतं, आणि खाली पत्ता. आता मी काहीही सांगितलं तरी हरकत घेणारं कुणी उरलं नाही. हरकत घेणं हा त्यांचा आवडता उद्योग होता.

सौदीतल्या ताइफच्या बाहेर, गुलाबाची शेतं संपून नुसते दगड सुरू होतात तिथे आमचा कॅम्प नंबर दोन होता. पत्र्याच्या खोल्या, चौदा नळ, आणि एक लांबलचक मेस. चाचा शटरिंगचे सुतार, मी टाइमकीपर. त्याआधी दोन वर्षं मी आमच्या तालुक्याच्या हायस्कुलात शिकवलं होतं, म्हणून ते मला मास्तर म्हणत. त्यांची एक पेन्सिल कानावर असे आणि दुसरी हरवलेली असे. ती बहुधा कानावरच सापडे. जेवताना ते ताट पुढे ओढून शांतपणे म्हणत, ‘डाळीला हरकत आहे.’ आवाज कधी चढवायचे नाहीत. हरकत नोंदवली की तीच डाळ दोनदा मागून घेत. जुलैच्या एका दुपारी त्यांनी सूर्यालाही हरकत घेतली होती. ‘नोंद घे, मास्तर,’ असं म्हणत, आणि मी हजेरीच्या मस्टरच्या शेवटच्या पानावर खरोखरच नोंद घेई. तिथे दुसरं करण्यासारखं काही नसायचं.

कुवेतवर इराकचं सैन्य चालून गेलं त्या वर्षीची गोष्ट. कंपनीचा अमेरिकन इंजिनियर व्हिला बंद करून घरी निघाला तेव्हा सामानाच्या पेट्या ठोकायला चाचांना पाठवलं होतं. सगळी पुस्तकं पेट्यांत गेली, एक राहिलं. ते कपडे धुण्याच्या मशीनच्या पायाखाली होतं. इंजिनियर म्हणाला, राहू दे, मशीन डगमगेल. चाचांनी त्याच्या जागी मापात कापलेली फळी सरकवली आणि पुस्तक घेऊन आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ते पुस्तक आणलं ते पहिल्या पानावरच्या फोटोसाठी. फोटोत एक म्हातारा गृहस्थ होता. गळाबंद कोट, करारी चेहरा, भरघोस दाढी आणि मिशी साफ केलेली.

‘दाढी हाय, मिशी नाय,’ चाचा म्हणाले. ‘हा आपल्या दाभोळचा.’

तो दाभोळचा नव्हता. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वकील होता. पुढे आमदार झाला, मग न्यायाधीश, मग परदेशात राजदूत. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मी ते पुस्तक दर शुक्रवारी, नमाज आणि जेवण आटोपल्यावर, मेसमध्ये मोठ्याने वाचत असे आणि वाक्यावाक्याचं मराठी करून सांगत असे. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि माझं इंग्रजी गाइडांवर पोसलेलं होतं. पण अडलं तरी थांबायचं नाही, ही मास्तरकीची सवय अंगात होती. थांबला तो मास्तर पोरांच्या हातात सापडतो.

पहिल्याच शुक्रवारी ‘बार’ आला. तरुणपणी या गृहस्थाला बारमध्ये बोलावण्यात आलं, असं मी सांगितलं. मेसमध्ये कुजबुज झाली. इतकी चांगली दाढी, आणि हे धंदे. चाचांनी हात वर केला. म्हणाले, वकील माणूस आहे, अशील जिथे बसला असेल तिथे जावं लागतं. प्रकरण तिथेच मिटलं, आणि त्या दिवसापासून लोक त्या दाढीवाल्याला ‘साहेब’ आणि चाचांना ‘वकील’ म्हणू लागले.

मग साहेब ‘हाउस’मध्ये निवडून आला. मी म्हटलं, घरात निवडून आला. यावर बराच वेळ चर्चा झाली. घरात निवडून येणं एवढं मोठं काय, असं एक प्लंबर म्हणाला. चाचांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. ‘तुझं लग्न व्हायचंय,’ ते म्हणाले. ‘मी माझ्या घरात उभा राहिलो तर डिपॉझिट जाईल.’

साहेबाने घरात कायदे केले, असं पुढे होतं. म्हणून चाचांनी कॅम्पात कायदा केला. पहिला आणि शेवटचा. नळाला सकाळी रांग लागे आणि भांडणं होत. तेव्हा, रांगेत ठेवलेली बादली म्हणजे माणूस समजावा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी एका पेंटरने पहाटेच सात बादल्या ठेवल्या. चाचांनी दुरुस्ती आणली: हाक मारल्यावर बादलीने ओ द्यावी. कायदा तिथेच संपला, पण नळावर हशा पिकला आणि त्या आठवड्यात कुणी कुणाची कॉलर धरली नाही.

आणि मग ‘बेंच’. साहेबाला बेंचवर चढवण्यात आलं, असं पुस्तकात होतं. दोन वर्षं मी स्वतः पोरांना बाकावर उभं करत आलो होतो. मी बेधडक सांगितलं, ‘सरकारने त्याला बाकावर उभं केलं.’

‘काय केलं होतं त्याने?’ कुणीतरी विचारलं.

मी पान चाळलं. गुन्हा सापडेना. उलट, तो सात वर्षं बाकावर होता आणि बाकावरूनच त्याने कितीतरी निकाल दिले, असं लिहिलं होतं. तेही सांगितलं. चाचा बराच वेळ दाढी कुरवाळत होते. मग त्यांनी मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. ‘उभ्याने निकाल दिले?’ मी म्हटलं, हो. ‘सात वर्षं?’ हो. ते उठले, चपला काढल्या, मेसच्या बाकावर चढून उभे राहिले आणि तिथून सगळ्यांकडे बघून घेतलं. ‘बरं दिसतं,’ एवढंच म्हणाले.

चाचांचं कोर्ट त्या दिवशी सुरू झालं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला समोरच्या बाकावर आरामात बसवायचं, पाणी द्यायचं. न्यायाधीश बाकावर उभा, आणि निकाल लागेपर्यंत त्याने उतरायचं नाही. चाचांचे गुडघे दुखत, त्यामुळे निकाल लवकर लागत. जानेवारीत बॉम्ब पडायला लागले, म्हणजे आमच्यापासून लांब, रियाधकडे. पण मेसमध्ये रेडिओ चोवीस तास सुरू झाला आणि एका गवंड्याने, या बातम्यांनी घास उतरत नाही, अशी तक्रार केली. रेडिओवाला बसला, चाचा उभे राहिले. निकाल: बातम्या जेवण झाल्यावर लावाव्यात. आपल्यावर बॉम्ब पडलाच तर ती बातमी रेडिओच्या आधी कळेल.

कंपनीने गॅसचे मुखवटे वाटले ते माणसांपेक्षा कमी होते. शिवाय दाढीवर ते नीट बसत नाहीत, दाढी काढावी लागेल, असं सेफ्टीवाल्याने सांगितलं. चाचांनी हरकत नोंदवली, आपला मुखवटा रेडिओवाल्याला दिला, आणि फोटोतल्या साहेबाकडे बोट दाखवून म्हणाले, हा एवढ्या भानगडींतून दाढीसकट गेला.

पुस्तकाचा शेवटचा भाग मात्र माझ्या अंगाशी आला. म्हातारपणी साहेबाला दूरच्या एका देशात ‘मिनिस्टर’ म्हणून नेमलं. मी म्हटलं, त्या देशाचा मंत्री झाला. चाचा खूश झाले. त्या दिवसांत कुवेतचे मंत्री डोंगरावरच्या एका हॉटेलात राहून कारभार करत होते, आम्ही त्यांच्या गाड्या पाहिल्या होत्या. ‘बघ,’ चाचा म्हणाले, ‘मुलुख नसला तरी मंत्री असतात, मग दुसऱ्याच्या मुलखात का नसावेत?’ पण पुढच्या शुक्रवारी त्या दूरच्या देशात लढाई पेटली. इतर परदेशी लोक जहाजांत बसून गेले, साहेब मात्र आपल्या ‘पोस्ट’वर राहिला, शेवटचा अमेरिकन सुखरूप निघेपर्यंत. घाईत मी म्हणालो, पोस्टात राहिला. हे मेसला पटलं. लढाईत पत्रं कुणीतरी सांभाळायलाच हवीत. आमची स्वतःची पत्रं तीन आठवडे आली नव्हती.

चाचांना पटलं नाही. ते बाकावर चढले आणि मला समोर बसवलं.

‘मंत्री कुणाचा?’

‘त्या देशाचा.’

‘मग अमेरिकन माणसं त्याची कोण?’

‘त्याच्या गावची.’

‘मंत्री त्यांचा, काळजी आपल्यांची, आणि राहायला पोस्टात. मास्तर, साहेब खोटं वागणारा नाय. तू काहीतरी चुकीचं वाचतोस.’

पुढच्या आठवड्यात स्टोअरचं सामान आणायला पिकअप जेद्दाला जाणार होती, मी तिच्यात बसलो. ड्रायव्हर वाटभर कुरकुरला, कारण मी हिंदू असल्यामुळे त्याला मक्केला वळसा घालणाऱ्या लांबच्या रस्त्याने जावं लागलं. तिथल्या अल अझीझिया भागात आमच्याकडच्या एकाचं वह्यापुस्तकांचं दुकान होतं. तिथे उभ्या उभ्या मी जाड डिक्शनरी उघडली. मिनिस्टर पाहिला, मग पोस्ट पाहिला, मग भीतीने मागे जात बेंच, हाउस आणि बार पाहिले. दुकानदाराने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

परतल्यावर शुक्रवारची वाट न पाहता मी चाचांना गाठलं. ते एकटेच रंधा मारत होते. मी एकेक शब्द सांगत गेलो. बार म्हणजे वकिली. हाउस म्हणजे विधिमंडळ. बेंच म्हणजे न्यायासन. तो न्यायाधीश झाला होता, त्याला कुणी उभं केलं नव्हतं, तो सात वर्षं चांगला बसला होता. चाचा रंधा थांबवेनात.

‘बेंच म्हायती होतं,’ ते म्हणाले.

‘कधीपासून?’

‘माझा जमिनीचा दावा अकरा वर्षं चाललाय, मास्तर. सगळे बेंच पाहिलेत मी.’

विहिरीच्या वाटेवरचा जमिनीचा एक पट्टा होता, चुलतभावाबरोबरचा. सगळ्या कॅम्पाला त्या दाव्याची माहिती होती. मे महिन्यात चाचांची स्वतःची साक्ष व्हायची होती आणि त्यासाठी त्यांनी दोन वर्षांची रजा साठवली होती. मी विचारलं, मग मला तेव्हाच का नाही सांगितलं? त्यांनी रंध्यातला भुसा फुंकून काढला.

‘अकरा वर्षं तो बसतो आन मी उभा राहतो. जज्जाला उभा करणारा तू पहिलाच भेटलास. मी कशाला हरकत घेऊ?’

मिनिस्टरचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मिनिस्टर म्हणजे त्या काळचा राजदूत आणि पोस्ट म्हणजे नेमून दिलेली जागा, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे सफीर,’ ते म्हणाले. ‘म्हणजे शेवटी वकीलच. आपल्या माणसांचा, परक्या दारात. बघ, साहेब खोटं वागला नव्हता.’

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मला तार आली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता, वाचा गेली होती, आईने लगेच बोलावलं होतं. कंपनीने लढाई सुरू झाल्यापासून सगळ्यांच्या रजा थांबवल्या होत्या. पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत होते. जेद्दाहून विमानं जेमतेम सुटत होती आणि ती केव्हा बंद होतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. मी अर्ज केला, तो परत आला. दुसरा केला, तोही आला. मी तार खिशात घेऊन मस्टर भरत राहिलो. मला भांडता येत नाही.

चाचांनी दाढी विंचरली, ईदचा कुडता घातला आणि मला घेऊन ऑफिसच्या गेटवर गेले. हिंदुस्थानी कामगारांना आत सोडायचं नाही असा हुकूम होता. पहारेकऱ्याने कोण म्हणून विचारलं.

‘अना सफीर,’ चाचा म्हणाले. मी राजदूत आहे.

दाढी, पांढरा कुडता, मागे कागद धरलेला कारकुनासारखा मी. त्या दिवसांत ताइफमध्ये खरे राजदूत फिरत होते. पहारेकऱ्याने दार उघडलं. चाचा थेट मुदीरसमोर जाऊन उभे राहिले. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर. कित्येक आठवडे झोप न झालेला माणूस. कुठल्या देशाचा सफीर, असं त्याने विचारलं. कॅम्प नंबर दोन, असं चाचांनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं. वर हॉटेलात जे आहेत त्यांच्याकडे सध्या मुलुख नाही, माझा मुलुख जागेवर आहे, चौदा नळांसकट.

मुदीर हसला. खूप वेळ हसला, चष्मा काढून डोळे पुसले. मग चष्मा घातला आणि त्याचा चेहरा पुन्हा ऑफिसचा झाला. याला सोडला तर उद्या सगळे दारात येतील, तो म्हणाला. गेला तो परत येत नाही. हा परत येईल याला कफील कोण?

कफील हा शब्द आम्ही रोज ऐकत होतो. कफील म्हणजे जामीनदार, ज्याच्या हातात आपला इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आपला पासपोर्ट, आपलं जाणं-येणं. तो नेहमी त्यांच्यातला असे. आमच्यातला कुणी कुणाचा कफील असू शकतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

‘अना कफील,’ चाचा म्हणाले.

मुदीरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कागद ओढून लिहिलं: मला दोन महिन्यांची रजा, आणि मी परत येईपर्यंत चाचांची रजा बंद. ‘खलास?’ त्याने विचारलं. ‘खलास,’ चाचा म्हणाले आणि अंगठा न लावता सही केली; सही ते उर्दूत करत, झोकदार.

परतताना मी म्हटलं, चाचा, तुमची साक्ष आहे मेमध्ये.

‘तू एप्रिलात येशील.’

‘आणि नाही आलो तर?’

‘तर तुला बाकावर बसवीन,’ ते म्हणाले, आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

मी परत गेलो नाही. त्याची कारणं होती. वडील गेले नाहीत. अंथरुणावर पडून राहिले, डोळ्यांनी मला शोधत राहिले. आईने एकटीने त्यांना कुशीवर वळवायचं म्हटलं तर जमत नव्हतं. आमच्या जुन्या हायस्कुलात जागा निघाली. ही कारणं मी पुढे इतक्या वेळा नीट लिहून काढली की आता ती मला फारशी खरी वाटत नाहीत. एप्रिल संपला त्या दिवशी मी नववीच्या वर्गाचं वेळापत्रक करत होतो. चाचांना पत्र लिहायला मला जून उजाडला.

त्यांचं उत्तर आलं ते कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, एका पानाचं. वडिलांची चौकशी होती. रेडिओवाला मुखवट्यात कांदे ठेवतो, असं होतं. मग दोन ओळी: ‘साक्षीला हजर नव्हतो म्हणून दावा गेला. आता अकरा वर्षांनी बसायला मिळालं.’ आणि सगळ्यात खाली, ‘मास्तर, मी अजून पोस्टातच आहे.’

ते तिथे आणखी दीड वर्षं राहिले, काम संपेपर्यंत. मग गावी आले, हे मला कळलं होतं. त्यांच्या गावाला माझ्या गावाहून दोन एसट्या बदलून आणि एक होडी घेऊन जाता येतं. मी गेलो नाही. वडील गेल्यावर जायचं ठरवलं होतं, निवृत्त झाल्यावर तर नक्कीच ठरवलं होतं.

गेल्या महिन्यात गेलो. त्यांचा मुलगा होडीपाशी न्यायला आला होता. घर साधं, ओटा मोठा. वाटेत त्याने डावीकडे दगडी गडगा दाखवला. पूर्वी विहिरीची वाट इथून जायची, आता वळसा घालतो, असं तो सहज म्हणाला. ओट्यावर ते पुस्तक होतं, कोर्टाच्या लाल फडक्यात बांधलेलं. मी ते सोडलं. फोटोतला साहेब होता तसाच होता. हा अब्बांचा आजा, असं गावात सगळे समजतात, मुलगा हळूच म्हणाला. अब्बांनी कधी नाही म्हटलं नाही.

ओट्यावर समोरासमोर दोन बाक होते, चाचांनी स्वतः केलेले. एक उंच आणि अरुंद, ज्यावर बसताच येणार नाही असा. त्याच्या कडेला हात धरायला दांडा. दुसरा बुटका, रुंद, पाठ टेकता येईल असा, बसून बसून गुळगुळीत झालेला. गावातले तंटे शेवटपर्यंत त्यांच्याकडे येत होते. पडतील म्हणून घरचे ओरडत, तरी ते दांडा धरून वर चढत.

चाची आतून आल्या. मी कोण ते मुलाने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नाव जुळवून पाहावं तसं.

‘मास्तर व्हय,’ त्या म्हणाल्या. ‘ते सांगून गेलेत. मास्तर आला तर च्या द्या, जेवण द्या. पण आधी बसवा.’

त्यांनी पदराच्या टोकाने बुटका बाक पुसला. मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि माझ्या हाताशी ठेवला.

मी बसलो. समोरचा बाक रिकामा होता. चहा आला, निवला, आणि मी तसाच बसून राहिलो.